चौथा विषय

आमच्या सरांचा फोन वाजला की सर चालायचे थांबायचे. जिथे असतील तिथे. एकदा दिग्रसच्या बाजारात कांदेवाला आणि कोथिंबीरवाली यांच्या बरोबर मधात ते असे उभे राहिले आणि लेकीशी तिच्या सासरच्या गोष्टी निवांत बोलत राहिले. मागे हातगाडी अडली. हातगाडीमागे बकरी घेऊन चाललेला एक माणूस अडला, आणि त्याच्यामागे मी. ‘सर, बाजूले होऊन बोला ना,’ कांदेवाला म्हणाला. सरांनी फोनवर सांगितलं, ‘थांब बापा, इथं एक मानूस बोलून राह्यला.’ मग फोन छातीशी धरून त्यांनी कांदेवाल्याचं पूर्ण ऐकून घेतलं, ‘बराबर आहे तुह्यं,’ म्हणाले, बाजूला झाले आणि फोन पुन्हा कानाला लावला. बकरीवाल्याने माझ्याकडे पाहून कपाळाला हात लावला. मी मान फिरवली, कारण सरांनी मला ओळखलं असतं तर त्यांनी लेकीला ठेवून माझ्याशी बोलायला सुरुवात केली असती आणि बाजार तिथेच बसला असता.

एका वेळी एक. या माणसाचं सगळं आयुष्य या तीन शब्दांत मावतं. सायकलवरून जाताना कोणी हाक मारली तर ते उतरायचे, स्टँड लावायचे, बोलायचे, आणि बोलणं संपलं की पुन्हा चढायचे. सायकल चालवत मान हलवणंसुद्धा त्यांना मंजूर नव्हतं. लग्नाच्या पंगतीत वाढपी आला की पोळी आणि वांग्याची भाजी, बास. वरण नको, कढी नको, बुंदी तर अजिबात नको. ‘अहो सर, थोडं तरी घ्या,’ म्हणून पोरीचा बाप हात जोडून उभा राहायचा. सर म्हणायचे, ‘वांगं चांगलं झालं आहे. त्याचं होऊ द्या.’ दुसऱ्या लग्नात नुसती बुंदी. लोक हसायचे. पण कोणाच्या लग्नात कशाला काय चव होती हे वर्षानंतरही सरांना आठवायचं, आणि आम्ही बाकीचे ताटभर खाऊन घरी येईस्तोवर विसरून जायचो.

सर आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवायचे आणि अकरावी सायन्सचे प्रवेशही त्यांच्याकडेच असायचे. उंच, वाळकी अंगकाठी, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. बूट मळले की वर्गातलाच खडू त्यावर घासायचे. पोरांनी नाव ठेवलं होतं ‘होऊ-दे सर’, कारण दर दोन वाक्यांनी ‘एक होऊ दे’ यायचंच. त्यांना ते माहीत होतं. एकदा फळ्यावर कोणीतरी लिहून ठेवलं, तर वाचून म्हणाले, ‘अक्षर चांगलं आहे. कोनाचं?’ कोणी उठलं नाही. ‘बरं, राहू दे,’ म्हणाले आणि पुसून टाकलं.

अकरावीच्या पहिल्या आठवड्यात ते शिकवायचेच नाहीत. प्रत्येकाने पळसाचं एक पान आणायचं आणि तासभर त्याच्याकडे बघायचं. दुसऱ्या दिवशी तेच पान. तिसऱ्या दिवशी तेच, आता सुकलेलं. मी जीवशास्त्राची नव्हते, पण माझी मैत्रीण होती आणि ती वैतागून मला सांगायची, ‘यवतमाळच्या पोराइचे दोन धडे झाले आणि आम्ही पान पाहून राह्यलो.’ आज ती नर्सिंग शिकवते आणि तिच्या पोरींना पहिल्या आठवड्यात एकाच पेशंटजवळ बसवते. मी विचारलं, सरांचं घेतलंस का, तर म्हणते, छट्, हे माझं स्वतःचं आहे. बरं बाई, तुझं.

आता मूळ गोष्ट. अकरावी सायन्सला भौतिक आणि रसायन सगळ्यांनाच असतं. त्याच्यापुढे गणित घेतलं की इंजिनीअरिंगचा रस्ता, जीवशास्त्र घेतलं की डॉक्टरीचा. दोन्ही घेतलं की दोन्ही रस्ते मोकळे. याला आमच्याकडे ‘चारी घेणे’ म्हणतात, आणि दहावीला बरे मार्क पडलेल्या पोराने चारी घेतले नाहीत तर लोक त्याच्या घरी काही झालं का म्हणून विचारायला येतात. किराणावाला विचारतो, न्हावी विचारतो. चारी घेणं म्हणजे हुशारीचा शिक्का.

सर चारी देत नसत. जड विषय तीन, चौथा हलका. गणित नाहीतर जीवशास्त्र, आणि सोडलेल्याच्या जागी भूगोल. सरकारचा असा काही नियम नव्हता, संस्थेचाही नव्हता. नियम सरांचा होता आणि प्रवेशाच्या टेबलावर सर बसलेले असायचे, म्हणून तो चालायचा. त्याबद्दल गावात काय काय कथा होत्या. कोणी म्हणे, त्यांच्या भावाला वेड लागलं. कोणी म्हणे, कोणी विद्यार्थी घरातून निघून गेला. मी बारावीत असताना धीर करून विचारलं. सर म्हणाले, ‘कोनी मेलं नाई, कोनी पळालं नाई. मी सोता चारी घेतले होते. चारीत पास झालो आणि एकही आला नाई. बायो मंग नोकरी लागल्यावर शिकलो, पोराइसंगं. लाज वाटे.’ एवढंच. मला तेव्हा ते कारण फारच साधं वाटलं, थोडी निराशाच झाली म्हणा ना.

माझ्या स्वतःच्या प्रवेशाचा दिवस मात्र मला काल झाल्यासारखा आठवतो.

माझे बाबा एसटीत कंडक्टर होते, दिग्रस-पुसद गाडीवर. कंडक्टरचं तोंड आणि गावातली चावडी यांत फार फरक नसतो. माझा दहावीचा निकाल लागला त्या दिवसापासून त्या गाडीत बसलेल्या प्रत्येक प्रवाशाला तिकिटासोबत माझे मार्क मिळत होते. आणि मार्कांसोबत पुढचंही: ‘चारी घेऊन राह्यली पोरगी. डॉक्टरच होनार, नाई जमलं तं इंजिनेर.’ पुसदपर्यंतच्या बाया मला ओळखायला लागल्या होत्या. आणि मला तर डॉक्टर व्हायचंच नव्हतं. मला रक्त चालत नाही, पेशंट चालत नाहीत, बेडूक तर नकोच नको. मला गणित आवडायचं. भूमितीचं एखादं उदाहरण सुटलं की मी एकटीच हसायचे. पण बाबांना हे सांगायचं कसं? चारी घेतले की सांगावंच लागत नव्हतं. दोन वर्षं तरी लागत नव्हतं.

प्रवेश ऑफिसात नाही, बाहेर कडुलिंबाखाली व्हायचे. एक टेबल, सरांची एक खुर्ची आणि समोर एकच खुर्ची. ती विद्यार्थ्यासाठी. आई-बाप उभे. मोठे मोठे व्यापारी त्या खुर्चीकडे बघत उभे राहायचे. बाबा दोन फेऱ्यांच्या मधात आले होते, खाकी कपड्यांत, खांद्याला तिकिटांची पेटी तशीच. स्टँडवर गाडी उभी आणि ड्रायव्हर वाट बघतोय, म्हणून त्यांची सारखी चुळबुळ चाललेली.

‘काय घेतं वं माय?’ सरांनी मला विचारलं. मुलींना ते माय म्हणायचे, मुलांना बापू.

‘चारी,’ बाबा म्हणाले.

‘तुमाले नाई इचारलं, भाऊ. तुमची अकरावी नाई हे.’

‘चारी,’ मी म्हणाले.

‘बरं. सायंकाळी पाच ते सात काय करतं तू?’

हा त्यांचा ठरलेला प्रश्न होता. सगळ्यांना विचारायचे. पोरं तयारी करून यायची, ‘अभ्यास करतो सर,’ असं ठोकून द्यायची आणि मग सर विचारायचे, ‘कोनता?’ आणि ततपप सुरू. मला कोणी सांगितलं नव्हतं, त्यामुळे मी खरं ते सांगितलं. साडेपाचला बाबा डेपोतून येतात. दिवसभर उभं राहून त्यांचे पाय सुजलेले असतात. मी घमेल्यात गरम पाणी घेऊन बसते, ते पाय बुडवून ओट्यावर बसतात आणि गाडीत काय काय झालं ते सांगतात. मी ऐकते.

सरांनी टोपण लावून पेन खाली ठेवलं.

‘रोज?’

‘रोज.’

‘चारी घेतले का ट्युशनी चार. सायंकाळ गेली तुही. मंग ह्या मानसाच्या गोष्टी कोन ऐकन?’

बाबा घाईघाईने म्हणाले, ‘सर, गोष्टीचं काय? मी नाई सांगन गोष्टी.’ आणि हे बोलताना त्यांचा आवाज असा झाला की मी मागे वळून पाहिलं नाही.

सर त्यांच्याशी बोललेच नाहीत. मला म्हणाले, ‘पोट्टे म्हनतात, चारी घेनारं हुशार असते. मी इतके वर्षं पाहून राह्यलो. चारी घेनारं भिडस्त असते. त्याले कोनाले तरी नाई म्हनता येत नाई, म्हनून थे दोन्ही घेते. तुले कोनाले नाई म्हनाचं आहे?’

 ज्याला नाही म्हणायचं होतं तो माझ्या खुर्चीमागे पेटी घेऊन उभा होता.

‘उद्या ये,’ सर म्हणाले. ‘घरी सांगून ये. फारम नाई पळून जात.’

बाबा रस्ताभर सरांना शिव्या घालत स्टँडवर गेले. संध्याकाळी घमेलं आणलं, पाणी ओतलं, बाबांनी पाय ठेवले. त्या दिवशी त्यांनी गोष्ट सुरू केली नाही. मीच म्हणाले, बाबा, मला डॉक्टर नाही व्हायचं. मला बायो नको, गणित पाहिजे. बाबांनी पाण्यातले पाय हलवले नाहीत. आई आतून बाहेर आली आणि तशीच आत गेली. मग बाबा म्हणाले, ‘गाडीत सांगून ठेवलं ना बेटा मी सगळ्याइले.’ रागाने नाही. एखाद्याने उधार आणलेली वस्तू हरवल्यावर म्हणावं तसं. मला रडू आलं आणि त्यांनाही आलं असेल, पण कंडक्टरला गर्दीत तोंड सांभाळायची सवय असते.

मी गणित घेतलं. चार-पाच दिवस बाबा घरी आले की पाय बुडवायचे आणि गप्प बसायचे. मला वाटलं, संपलं, गणित मिळालं आणि गोष्टी गेल्या. मग एका संध्याकाळी पाण्यात पाय टाकता टाकता म्हणाले, ‘आज ते सिंगदची बाई बसली होती. म्हने, कंडक्टर भाऊ, पोरगी डॉक्टर होऊन राह्यली ना? मी म्हनलं, नाई, गनित घेऊन राह्यली. थे म्हने, मंग काय होईन? मी म्हनलं, थेच ठरवीन.’ आणि माझ्याकडे न बघता पुढे सांगायला लागले, त्या बाईच्या पिशवीत कोंबडी कशी होती आणि ती तिकीट मशीनवर कशी उडाली. नाही, तेव्हा मशीन नव्हतं, पेटीच होती. बघा, मी पण बाबांसारखी गोष्टीत भर घालायला लागले.

आता कोणी म्हणेल, सर थोर होते. सर हट्टी होते. आणि सगळ्यांच्या बाबतीत बरोबरही नव्हते. दहावीपर्यंत माझ्या वर्गात अवी होता, तांड्यावरून सायकलने यायचा. त्याला चारी पाहिजे होते आणि पाच ते सात तो बापासोबत बैलांचं करायचा. सरांनी त्याला तोच प्रश्न विचारला, त्याने उत्तर दिलं, सर म्हणाले तीनच. अवी म्हणाला, ‘सर, मले दोन्ही येते. मी कोनाले भिऊन नाई घेऊन राह्यलो, मले दोन्ही आवडते.’ सर नाहीच म्हणाले. अवीने दाखला काढला, यवतमाळला मामाकडे गेला, चारी घेतले, आणि दोन्हीकडे नंबर लागला. मग पेढे घेऊन सरांच्या घरी गेला. मुद्दाम गेला असेल, मी असते तर मीही मुद्दामच गेले असते. सरांनी पेढा खाल्ला. पूर्ण खाऊन झाल्यावर म्हणाले, ‘तुह्या बाबतीत मी चुकलो बापू.’ अवी म्हणतो, एवढं ऐकून त्याची सगळी मस्ती उतरली, आता काय बोलावं कळेना, म्हणून त्याने आणखी एक पेढा पुढे केला. सर म्हणाले, ‘नाई. एक झाला.’

आणि पुढच्या जूनमध्ये सर पुन्हा कडुलिंबाखाली बसून तीनच देत होते. मी रागावून विचारलं होतं, ‘सर, चुकलो म्हणालात ना अवीला?’ सर म्हणाले, ‘चुकलो ना. आताही एखाद्याच्या बाबतीत चुकून राह्यलो असन. तो मले येऊन सांगीन, मी ऐकून घेईन. पन बाकीचे सांगाले येत नाईत माय. त्याइले कळतच नाई काय गेलं ते.’ मला ते तेव्हाही पुरतं पटलं नव्हतं. आजही अवीचा चेहरा आठवला की पटत नाही.

माझं लग्न होऊन मी यवतमाळला आले त्यानंतरची गोष्ट मला बाबांकडून कळली. यवतमाळमध्ये क्लासेसचे फ्लेक्स चौकाचौकात लागले आणि दिग्रसची पोरं पहाटेच्या गाडीने इकडे यायला लागली. कॉलेजचा पट घसरला. सायन्सची एक तुकडी बंद व्हायची वेळ आली, आणि तुकडी बंद म्हणजे दोन-तीन शिक्षक अतिरिक्त ठरून कुठल्या कुठे जाणार. संस्थेच्या अध्यक्षांनी सरांना बोलावून सांगितलं, ‘मागेल त्याला चारी द्या. तुमच्या तत्त्वापायी बाकीच्यांच्या चुली विझायला नकोत.’ सर म्हणाले, ‘बरं.’ एका शब्दानेही वाद घातला नाही. त्या वर्षी मागेल त्याला चारी दिले.

पण मग त्यांनी काय करावं? ज्या ज्या पोराने चारी घेतले होते त्याच्या घरी ते संध्याकाळी सहा वाजता जायला लागले. आज एकाकडे, उद्या दुसऱ्याकडे. सायकलचं स्टँड लावायचं, आत जायचं, ‘पोरगं कुठी आहे?’ विचारायचं. ‘ट्युशनला गेलं.’ ‘बरं, बसतो.’ आणि बसायचे. पेपर नाही वाचायचा, टीव्हीकडे नाही बघायचं. चहा आला तर चहा प्यायचा. पोरगं येईपर्यंत बसायचे. ते आलं, ‘सर तुम्ही?’ म्हणून घाबरलं, की उठायचे. ‘काही नाई बापू. तू घरी कधी असतं ते पाहाले आलतो.’ आणि सायकलवर चढून निघून जायचे.

सर घरात बसलेत म्हटल्यावर घरच्यांनाही बसावं लागायचं. बाबांच्या ओळखीचा कापसाचा एक जिनिंगवाला होता, तो सांगायचा की त्या दिवशी दीड तास सर आणि तो समोरासमोर बसले, आणि दीड तासाने त्याला कळलं की ह्या वेळी आपलं घर किती रिकामं असतं. त्याने पोराचा एक विषय सोडवला. आणखी दोघा-तिघांनी सोडवला. बाकीच्यांनी सर येताना दिसले की दार लावून घ्यायला सुरुवात केली. तुकडी मात्र वाचली. शिक्षक वाचले. पुढे सर रिटायर झाले, आणि त्यांच्या जागी आलेल्या माणसाने प्रवेश ऑनलाइन केले.

आता मी. मी गणित शिकवते. सकाळी कॉलेजात, संध्याकाळी एका क्लासमध्ये, आणि गणित मला अजून आवडतं. सुटलं की अजून हसते, आता पोरांसमोर. माझी मुलगी यंदा दहावी झाली. मार्क चांगले. आमच्या घरात एकच चर्चा: चारी की तीन? ती म्हणाली, चारी चालतील. नवरा म्हणाला, चारी घेऊ दे, दार कशाला बंद करायचं? आणि मी, सरांची विद्यार्थिनी, ओट्यावर रडलेली, मी काय म्हणाले? मी म्हणाले, हो, चारीच घे. दोन्ही उघडी राहू दे. स्वतःच्या लेकीची गोष्ट आली की धीर होत नाही, दुसरं काय.

तरी मन लागेना. म्हणून रविवारी तिला घेऊन दिग्रसला गेले. बाबांना भेटायचं होतंच, त्याआधी सरांकडे. आता सरांना कुठला अधिकार, पण वाटलं एकदा पायांवर घालावं.

सर अंगणात बसून शेवग्याच्या शेंगा सोलत होते. केस पार पांढरे, बूट तसेच पांढरे. मला ओळखलं. हातातली शेंग पूर्ण सोलून झाली, मग बोलले. खुर्ची एकच होती. ती त्यांनी उठून मुलीला दिली आणि स्वतः पायरीवर बसले. मी उभी. बाबांसारखी पर्स खांद्याला लावून उभी.

‘सर, ही चारी घ्यायचं म्हणतेय,’ मी म्हणाले.

‘थे म्हनते का तू म्हनतं?’

 सर मुलीकडे वळले. ‘काय वं माय, सायंकाळी पाच ते सात काय करतं तू?’

मला वाटलं ही सांगेल, मोबाइल बघते. कारण मला तरी तेच माहीत होतं. पाच ते सात माझी बॅच असते, मी घरी नसते.

ती म्हणाली, ‘आबांना फोन करते.’

‘कोन आबा?’

‘आईचे बाबा. इथेच राहतात. ते रोज साडेपाचला ओट्यावर बसतात, मी फोन करते. ते मला गाडीतल्या गोष्टी सांगतात.’ माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘आजी गेल्यापासून.’

आईला जाऊन दोन वर्षं झाली. दोन वर्षं हे चाललं होतं आणि मला पत्ता नव्हता. मी बाबांना दर रविवारी फोन करून गोळ्या घेतल्या का विचारत होते आणि स्वतःला चांगली लेक समजत होते. बरं झालं खुर्ची एकच होती, बसले असते तर उठता आलं नसतं.

सरांनी मला काही म्हटलं नाही. मुलीला विचारलं, ‘एक सोडाचा झाला तं कोनता सोडशीन?’

मुलीने माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं मी ओळखलं. मी तसं पाहिलं नव्हतं, कारण माझे बाबा माझ्या मागे उभे होते. मी हिच्या पुढ्यातच उभी होते.

‘गणित,’ ती म्हणाली.

 सर म्हणाले, ‘घरी सांगून मंग घे.’

‘आईने ऐकलं ना आत्ता.’

‘ऐकलं. तू मले सांगितलं, तिले नाई सांगितलं. तिले सांग.’ आणि माझ्याकडे वळून, ‘शेंगा घेऊन जा, झाडाले लय आल्या. आमटीत टाक. पन आमटीत दुसरं काही टाकू नको.’

बाबांकडे पोचलो तेव्हा साडेपाच वाजून गेले होते. ते ओट्यावर बसले होते, फोन मांडीवर. आम्हाला बघून हरखले. घमेलं कुठे आहे विचारलं, तर म्हणाले, ‘आता कायले, आता कुठी उभा राह्यतो मी.’ तरी मी पाणी गरम केलं. त्यांनी पाय बुडवले आणि सरळ सुरू झाले, ‘तं मंग त्या नवरदेवानं काय केलं...’

‘कोणता नवरदेव?’ मी विचारलं.

बाबा थांबले. मुलगी म्हणाली, ‘अगं आई, वऱ्हाडाच्या बंद पडलेल्या गाडीतला. आबांच्या गाडीत सगळं वऱ्हाड चढलं आणि नवरदेवाला उभंच राहावं लागलं. कालपर्यंत तेवढंच झालं होतं.’ बाबा म्हणाले, ‘हे तुह्या लग्नानंतरचं आहे, तुले नाई माहीत.’ आणि पुढे सांगायला लागले. मी पहिला भाग न ऐकलेली गोष्ट शेवटपर्यंत ऐकली.

परतीच्या गाडीत दारव्हा मागे गेल्यावर मुलगी खिडकीकडे तोंड करून म्हणाली, ‘आई, मला गणित नको. मला जीवशास्त्र घ्यायचंय. तुला वाईट वाटेल म्हणून चारी म्हणत होते.’ मला वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू, लागलं मनाला. माझा विषय, आयुष्यभराचा, आणि तो माझ्याच लेकीला नको. मी पायांशी ठेवलेली शेंगांची पिशवी उगाच सरळ केली. माझ्या प्रवेशाच्या त्या संध्याकाळी बाबांनी पाण्यातले पाय का हलवले नाहीत ते मला त्या सीटवर कळलं.

पलीकडच्या सीटवरची एक बाई आमच्याकडे बघत होती. आपल्याकडच्या गाडीत कोणाचं काही खाजगी नसतं. म्हणाली, ‘हुशार दिसते पोरगी. काय घेऊन राह्यली?’

‘बायो घेऊन राह्यली,’ मी म्हणाले. ‘गणित सोडलं तिनं.’

‘अवं माय. मंग काय होईन?’

‘थेच ठरवीन,’ मी म्हणाले, आणि मुलीने खिडकीतून तोंड वळवलं.